ऑगस्टची किटली

१२ जुलै

ताई,

नमस्कार गृहीत धर. सविस्तर मायना लिहिण्याच्या स्थितीत आज माझा अंगठा नाही.

तुझा हुकूम पाळला. "घरात बसून बायकोच्या चुका काढण्यापेक्षा हाताने काहीतरी शिक," असं तू लिहिलं होतंस, तेही 'हाताने'च्या खाली दोन रेघा मारून. प्रेसने मला निरोप दिला त्याला चार महिने झाले. अठ्ठावीस वर्षं मी मुद्रितं तपासली. आता ते काम यंत्र करतं, आणि ते माझ्याइतका चहा पीत नाही हे मला मान्य करावंच लागतं. पण माणूस निवृत्त झाला तरी त्याची लाल पेन्सिल होत नाही. परवा सौ.ने वाण्याकडची यादी लिहिली, ती मी सहज शुद्ध करून दिली. तिने ती वाचली, घडी घातली आणि माझ्या खिशात ठेवली. म्हणाली, "आता सामानही तुम्हीच आणा. शुद्ध बघून आणा."

तर आमच्या गल्लीच्या टोकाला, शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत, लिनो छपाईचा वर्ग चालतो. त्यात मी नाव घातलं आहे. लिनो म्हणजे दवाखान्यांच्या जमिनीवर अंथरत ते जाड, गुळगुळीत आच्छादन. मेट्रन म्हणून तू जन्मभर त्याच्यावरून चाललीस. मी आता ते कोरतो आहे. जे छापायचं नाही ते कोरणीने काढून टाकायचं. जे उरतं त्यावर रुळाने शाई लावायची, कागद ठेवायचा, लाकडी चमच्याच्या पाठीने घासायचा आणि उचलायचा. बस, एवढंच शास्त्र.

शिकवणाऱ्या बाई माझ्या निम्म्या वयाच्या असतील. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "कोरणी नेहमी स्वतःपासून दूर चालवायची, आणि दुसरा हात तिच्या वाटेत ठेवायचा नाही." मी दोन्ही वाक्यं वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतली. मग अंगठा कापला.

तरी किटली काढली. फक्त जे ठेवायचं तेच कोरून टाकलं, त्यामुळे छापल्यावर काळ्याभोर चौकोनात किटलीच्या आकाराचं पांढरं भोक उमटलं. आमचे न्यायशास्त्राचे गुरुजी घटाच्या अभावावर वर्षभर आमचं डोकं खात. तो अभाव प्रत्यक्ष डोळ्यांनी दिसला तो आज.

आईच्या वेळचे काचेचे दिवे तू मागितलेस, ते सौ. बांधून पाठवणार आहे. मी बांधू नयेत असा घरात ठराव झाला आहे.

तुझा
धाकटा


२३ जुलै

पंडित,

अंगठ्याला पाणी लागू देऊ नकोस आणि त्यावर काव्य करू नकोस. पट्टी रोज बदल.

किटलीचं भोक मला पाठव. तू स्वतः केलेली चूक मी आजवर पाहिलेली नाही. लहानपणी मी खेळताना भोपळा काढला होता, तर तू त्याचं देठ चुकलंय म्हणून सांगायला आला होतास. सहा वर्षांचा होतास. मी तुला त्या वेळी का मारलं नाही याचं अजून आश्चर्य वाटतं.

माझ्या भावजयीला सांग, दिवे सावकाश पाठव, घाई नाही. आणि तिने तुला वाण्याकडे पाठवलं ते उत्तम केलं, हेही सांग.

ताई


९ सप्टेंबर

ताई,

भोक सोबत जोडलं आहे. फ्रेम करू नकोस.

आता खरी बातमी. आम्ही वर्गात बारा जण आहोत आणि बाईंच्या डोक्यातून पुढच्या वर्षाचं कॅलेंडर निघालं आहे. प्रत्येकाने एक महिना घ्यायचा, त्याचं चित्र करायचं, त्याच्या पन्नास प्रती छापायच्या. पन्नास जणांनी आपापली नावं आधीच नोंदवून ठेवली आहेत. डिसेंबरच्या पाच तारखेला बांधणीवाला येईल आणि बारा गठ्ठे घेऊन जाईल. चिठ्ठ्या टाकल्या, मला ऑगस्ट आला.

बाकीची मंडळीही तुला कळू देत. बसचे एक निवृत्त ड्रायव्हर आहेत, वय सत्तरीच्या पुढे, हात दगडासारखा स्थिर. जानेवारी त्यांचा, शिवाय सगळ्या महिन्यांच्या तारखाही तेच कोरताहेत, म्हणजे आकड्यांच्या उलट्या रांगाच्या रांगा. मला 'मास्तर' म्हणतात. दातांच्या एक डॉक्टरीणबाई आहेत, त्या कोरायला बसल्या की शेजारच्याचा जबडा आपोआप मिटतो. बाकीचेही सज्जनच आहेत. काम झालं की सगळे एकमेकांचे छाप उचलून "वा, वा" करतात. मी डावीकडचा काठ तिरका आहे एवढंच सांगतो. हल्ली माझ्या शेजारची खुर्ची बहुधा रिकामी असते.

मी पुन्हा किटलीच घेतली आहे. बाईंनी विचारलं, "ऑगस्टचा आणि किटलीचा संबंध काय?" मी म्हटलं, "ऑगस्टमध्येही लोक चहा पितात." त्यांनी वहीत ऑगस्टपुढे 'किटली' लिहून घेतलं. तीन रंग करणार आहे: पिवळा, लाल, काळा. पन्नासच्या पन्नास प्रती अगदी निर्दोष निघतील, याची मी बाईंना हमी दिली आहे.

तुझा
धाकटा


१८ सप्टेंबर

पंडित,

भोक फ्रेम केलं. दिवाणखान्यात लावलंय. शेजारीण म्हणाली, "किती आधुनिक!"

हमी कशाला देत बसलास? तुझ्या पत्रातली ती रिकामी खुर्ची मला आवडली नाही. काठ तिरका असेल तर असू दे की. तू तिथे मुद्रितं तपासायला गेलेला नाहीस. उद्या जाऊन कुणाच्या तरी चित्राला 'छान' म्हण. नुसतं 'छान'. पुढे 'पण' लावायचा नाही.

ताई


२१ ऑक्टोबर

ताई,

'छान' म्हटलं. ड्रायव्हरसाहेबांना म्हटलं. ते दचकले आणि "काय चुकलं मास्तर?" म्हणाले.

पण आज मी आनंदात आहे. पिवळा रंग झाला! हे तीन रंगांचं प्रकरण मोठं सुरेख असतं, ऐक. ठसा एकच असतो. आधी जे पांढरं राहायचं तेवढंच कोरायचं आणि सगळ्या कागदांवर पिवळा छापायचा. मग त्याच ठशातून, जे पिवळं राहायचं ते कोरून काढायचं आणि त्याच कागदांवर लाल चढवायचा. मग लाल राहायचं ते काढायचं आणि वर काळा. ठसा झिजत जातो आणि चित्र भरत जातं. काही तत्त्वज्ञांना एवढं सांगायला चार खंड लागले असते.

मी एकावन्न कागद छापले आणि प्रेसच्या शिस्तीने एकेक उजेडात धरून तपासले. कुठे शाई विरळ, कुठे बोट लागलेलं, कुठे केसाएवढा ठिपका. ते सगळे बाजूला काढले. निर्दोष असे अकरा उरले. काय अकरा आहेत ते! उरलेले एकोणचाळीस सवडीने पुन्हा छापीन. प्रेसमध्ये आम्ही हेच करायचो: मुद्रित वाईट निघालं तर फेकायचं, नवीन काढायचं. बाई आठवडाभर गावाला गेल्या आहेत. त्या येईपर्यंत लालसाठी ठसा कोरून त्यांना चकित करणार आहे.

बाद कागद सौ.ने टोपलीतून उचलून नेले. तिचे दिवे एकदाचे रवाना झाले म्हणते.

तुझा
(आज जरा फुगलेला)
धाकटा


२५ ऑक्टोबर

पंडित,

दिवे पोचले. एकाला साधा ओरखडाही नाही. माझ्या भावजयीने एकेका काचेभोवती कागदांचे असे थर दिलेत की एखादं बाळ गुंडाळावं. त्या कागदांवर पिवळ्या किटल्या आहेत! हे तुझे बाद कागद का रे? मला तर त्यात बाद काहीच सापडलं नाही.

आणि एक शंका. तू लिहितोस की त्याच ठशातून कोरत कोरत पुढे जायचं. मग लालसाठी कोरून झाल्यावर एकोणचाळीस पिवळे कुठल्या ठशावरून छापणार आहेस? मला यातलं कळत नाही, म्हणून विचारते. कोरायच्या आधी बाईंना विचार.

ताई


२८ ऑक्टोबर

ताई,

हे पत्र लिहून झाल्यावर मी बाईंना निरोप पाठवणार आहे की मी वर्ग सोडला.

काल लालसाठी ठसा कोरून पुरा केला. अप्रतिम कोरला. बाई आल्या, त्यांनी ठसा पाहिला, मग कागद मोजले, आणि मग माझ्याकडे पाहिलं. "बाकीचे पिवळे कुठायत?" मी म्हटलं, "ते आता छापतो." त्यांनी नुसतं ठशावरून बोट फिरवलं, जिथे पिवळं असायला हवं होतं आणि आता खड्डा होता तिथून. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ठसा पुढे गेला होता. पिवळा आता जगात कुठेच नव्हता. प्रेसमध्ये अक्षरांचे खिळे जुळवलेले तसेच राहतात, दहा वेळा मुद्रित काढा. लिनोचं तसं नाही. अठ्ठावीस वर्षांची शिस्त मला इथे येऊन बुडवून गेली.

ड्रायव्हरसाहेब म्हणाले, "मास्तर, मागचा स्टॉप गाडीच्या पुढे येत नाही हो." ते चेष्टेने म्हणाले नाहीत, हेच जास्त लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "म्हणजे जुलैनंतर थेट सप्टेंबर? माझा वाढदिवस ऑगस्टमध्ये असतो!" अकरा जणांनी महिनोन्‌महिने खपून केलेल्या कामात माझ्यामुळे भोक पडणार, आणि या खेपेला ते फ्रेम करण्यासारखं नाही. नवा ठसा कोरून तीन रंग छापायचे तर रंग वाळायलाही दिवस लागतात. पाच तारखेपर्यंत ते होणं नाही.

सौ.ला विचारलं, "ते बाद कागद कुठे गेले?" "दिव्यांबरोबर," म्हणाली. म्हणजे तुझ्याकडे, बोळे होऊन. चुरगळलेल्या कागदावर छापता येत नाही. फेकून दे.

तुझा
धाकटा

ता.क. पत्र बंद करता करता तुझं पत्र आलं. तुला यातलं कळत नाही, हे वाक्य मी लाल पेन्सिलीने खोडून टाकलं.


३ नोव्हेंबर

गाढवा,

निरोप पाठवला असलास तर आत्ताच्या आत्ता जाऊन परत घे. मग पुढचं वाच.

सोबतच्या नळकांड्यात तुझे कागद आहेत. टोपलीत टाकायला त्यांनी माझं काय घोडं मारलं होतं? एकेक उलगडला, ओलसर पंच्यात ठेवला, मंद इस्त्री फिरवली. वॉर्डात चादरींवर हात बसलेला आहे, कागद काय चीज! मग तू माझ्या साठीला दिलेला तो संस्कृत कोश वर ठेवला. इतक्या वर्षांत कोश पहिल्यांदा कामाला आला. सुरकुत्या पुसट झाल्यात, गेल्या नाहीत. जायच्याही नाहीत.

चाळीस निघाले. त्यातला एक मी ठेवून घेतलाय, मला आवडला म्हणून. तुझे अकरा धरून बरोबर पन्नास होतात. आता एकही फेकता येणार नाही, हे तुझ्यासाठी उत्तमच आहे.

आणि ऐक. मी जन्मभर वॉर्ड सांभाळला. माझ्याकडे आलेला एकही माणूस निर्दोष नव्हता. असता तर आला कशाला असता? कुणाची हाडं जुळली, कुणाची थोडी वाकडी जुळली, पण चालत घरी गेले. दाराशी उभी राहून मी कुणाला म्हटलं नाही की तुझा डावा काठ तिरका आहे.

छाप.

ताई


६ डिसेंबर

ताईस,

कालपर्यंतचा वृत्तांत, प्रथमपासून.

निरोप पाठवलाच नव्हता. लिहिला होता, पण त्यातलं एक वाक्य मनासारखं जमत नव्हतं, म्हणून राहिला. माझ्या दोषाने मला वाचवलं ते एवढ्या एकाच वेळी.

तुझं नळकांडं घेऊन वर्गात गेलो. सौ. म्हणाली, "मी पण येते." तिथे गेल्यावर तिने रद्दीची टोपली शोधली, पालथी घातली आणि तिच्यावर बसली. मी पहिला सुरकुतलेला कागद ठशावर ठेवला, चमच्याने घासला, उचलला. लालभडक किटली, आणि तिच्या पोटातून आरपार गेलेल्या पिवळ्या बारीक रेघा, कारण सुरकुतीच्या खाचेत लाल शाई उतरलीच नव्हती. माझा हात आपोआप टोपलीकडे गेला.

"जरा ऊठ."

"नाही."

"अगं, हा बघ कसा आलाय."

"बघितला. पुढचा छापा."

दुसरा छापला. त्यात लाल रंग केसभर वर सरकला आणि किटलीच्या बुडाशी पिवळी कड राहिली. तिसऱ्यात तोटीजवळ माझा अंगठा उमटला, तोच जुना, व्रणासकट. मी सौ.कडे पाहिलं. तिने टोपलीवर मांडी घातली.

दहाएक झाल्यावर बाई आल्या, मागे ड्रायव्हरसाहेब. मी वाळायला टांगलेल्या ओळीसमोर ते उभे राहिले. मग म्हणाले, "मास्तर, ही पोचे आलेली किटली कशी काय जमवलीत हो?" मी पाहिलं. ताई, खरंच तसं होतं. दिव्याच्या गोलाईवरून पडलेल्या त्या सुरकुत्या किटलीच्या गोलाईवर अशा बसल्या होत्या की जणू ती वीस वर्षं रोज चुलीवर चढली आहे, दोनदा हातातून पडली आहे, आणि तरी कामावर आहे. सरकलेल्या लालखालची पिवळी कड म्हणजे तिच्या खालचा जाळ. शेजारी माझ्या अकरा निर्दोष किटल्या टांगल्या होत्या. देखण्या होत्या, नाही म्हणत नाही. पण त्यांच्यात पाणी उकळेल असं वाटेना.

आम्ही जुन्या ग्रंथांच्या पोथ्या ताडून पाहायचो तेव्हा एका पोथीत एक शब्द, दुसरीत दुसरा, असे पाठभेद मी जिवापाड जपून नोंदवत असे. एकही गाळला तर गुरुजी रागावत. आणि इथे चाळीस पाठभेद मी टोपलीत टाकले होते. कुणी सांगितलं असतं तर हसलो असतो.

मग मी थांबलोच नाही. काळा चढवला. रोज सकाळी जायचं, छापायचं, टांगायचं. शेजारची खुर्ची भरली. डॉक्टरीणबाई तिथे बसून आपला जून छापत, आणि मधूनच माझी एखादी प्रत उचलून म्हणत, "हिची तोटी किती खवचट दिसते!" मीही त्यांच्या जूनला छान म्हटलं, 'पण' न लावता. त्यांनी खात्री करून घ्यायला क्षणभर वाट पाहिली.

काल बांधणीवाला आला. बारा गठ्ठे, प्रत्येकी पन्नास. त्याने ऑगस्टचा गठ्ठा मोजला, पुन्हा मोजला, बांधला. खोलीत टाळ्या झाल्या. ताई, त्या माझ्यासाठी होत्या! मी मागे वळून पाहिलं होतं, कोण आलं म्हणून. संध्याकाळी नावं नोंदवलेली माणसं येऊन आपापलं कॅलेंडर घेऊन गेली, आणि जो तो आधी ऑगस्ट उघडून शेजाऱ्याची किटली बघत होता. एकजण अर्ध्या वाटेतून परत आला. "माझी फारच गुळगुळीत आहे, ती तिकडची देता का?" डॉक्टरीणबाईंनी मात्र निवडून निर्दोष घेतली. त्यांचं बरोबर आहे. दातांच्या माणसाने आग्रह धरायलाच हवा. शेवटी टेबलावर एकही उरलं नाही.

मी जिंकलो, ताई. हे वाक्य मी दोनदा वाचून पाहिलं. त्यात दुरुस्तीला जागा नाही.

त्या पन्नास नावांत एक माझं होतं आणि एक तुझं; तुझ्यासाठी अंगठ्याची प्रत राखून ठेवली होती, ती उद्या निघेल. आणि ये ना एकदा इकडे. सगळ्यांना ती इस्त्रीवाली बहीण बघायची आहे.

तुझा
धाकटा


४ जानेवारी

पंडित,

कॅलेंडर पोचलं. पहिल्यांदा अंगठा पाहिला. व्रण चांगला भरलाय.

खूप सुंदर झालंय रे. शेजारीण आली, तिने ऑगस्ट बघितला आणि मला विचारलं, "तुमच्याकडे होती का अशी?" मी हो म्हटलं. खोटं बोलले, पण तिला ती ओळखीची वाटली तर मी कशाला मोडता घालू?

येण्याचं मात्र कठीण आहे. कॅलेंडर आलं तशी मी पेन घेऊन वर्षच लावायला बसले. नातवंडांच्या परीक्षा, मग त्यांच्या सुट्ट्या, माझे डोळे, जावयाचं नवं घर, नर्सिंगच्या मुलींना शिकवायला जाते ते दर आठवड्याला. एकही दिवस सुटा सापडेना. असं करत करत ऑगस्टपर्यंत आले, आणि थांबले. चष्मा पुसला. पुन्हा मोजलं. सुनेला बोलावून तिच्याकडून मोजून घेतलं.

पंडित, तुझ्या ऑगस्टला बत्तीस दिवस आहेत.

तारखा कुणी तपासल्या होत्या?

ताई


११ जानेवारी

ताई,

मी.

ड्रायव्हरसाहेबांनी तारखांचा छाप माझ्यासमोर धरला होता. "मास्तर, तुमच्या नजरेखालून गेलं म्हणजे चिंता नाही," म्हणाले होते. मी तेव्हा काळा रंग वाळतोय का बघत होतो. एक डोळा किटलीवर, दुसरा डोळाही किटलीवर. कोपऱ्यात 'निर्दोष' असं लिहून मी सही केली. अठ्ठावीस वर्षांत माझ्या हातून निसटलेली ही पहिली चूक, आणि ती पन्नास घरांच्या भिंतींवर लागली आहे.

तुझं पत्र घेऊन मी वर्गात गेलो आणि उभा राहून मोठ्याने वाचून दाखवलं. ड्रायव्हरसाहेब इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. "स्टॉप गेला होता, गाडी थांबलीच नाही!" असं म्हणत होते. बाई म्हणाल्या, घरोघरी जाऊन तेवढा आकडा खोडून येऊ. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण असल्या बाबतीत मी काय म्हणणार हे सगळ्यांना ठाऊक. मी म्हटलं, खबरदार कुणी हात लावाल तर.

सौ.ने तो दिवस आत्ताच लाल पेन्सिलीने गोल करून ठेवला आहे. पेन्सिल माझी, गोल वाकडा.

तेव्हा तू बत्तीस ऑगस्टला ये. त्या दिवशी परीक्षा नाहीत, डोळ्यांचा डॉक्टर नाही, जावयाचं घर नाही. तुला दुसरं काही काम असूच शकत नाही. माझ्याकडे छापील पुरावा आहे.

तुझा
धाकटा